डॉ. हरिसिंह गौर आणि विवाहस्वातंत्र्याचा कायदा

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की आमच्या परिसरातील पुष्कळांची पावले पांढुर्ण्याच्या वाटेला लागतात. जांब नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव; मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड आणि त्यावर फडकणारा ध्वज. दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो, माणसे रक्तबंबाळ होतात, आणि काही वर्षी तर प्राणहानीही झालेली आहे. या गोटमारीची जी आख्यायिका वडीलधारी माणसे सांगतात ती आम्ही सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक कन्या परस्परांवर अनुरक्त झाली. दोघे नदी ओलांडू लागली तेव्हा दोन्ही तीरांवरून दगड सुटले, आणि त्या दोघांचा अंत पाण्यातच झाला. आख्यायिकेतील इतिहास किती, हे ठरविण्याचे साधन आमच्यापाशी नाही. परंतु एक प्रश्न तिने आमच्या मनात कायमचा रुजविला. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांशी विवाह करावा की करू नये, हे ठरविण्याचा अधिकार नदीच्या तीरावर उभ्या असलेल्या जमावाला कोणी दिला?

हाच प्रश्न आमच्या प्रांतातील एका थोर पुरुषाने सभागृहात, कायद्याच्या भाषेत विचारला, आणि त्याचे उत्तरही अंशतः मिळविले. त्या पुरुषाचे नाव डॉ. हरिसिंह गौर. सागर येथील विश्वविद्यालयाचे दानशूर संस्थापक म्हणून त्यांचे नाव मध्यप्रदेशात सर्वतोमुखी आहे. तथापि भारतीयांच्या विवाहस्वातंत्र्यासाठी त्यांनी जी खटपट केली तिची ओळख आपल्या विद्यार्थिबंधुभगिनींपैकी फार थोड्यांना असेल. यास्तव हा अल्पसा परिचय आम्ही येथे करून देत आहो.

हरिसिंहांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे एका गरीब कुटुंबात झाला. घरी द्रव्य नव्हते. होती ती केवळ तल्लख बुद्धी आणि विद्येची ओढ. सागर येथील शाळेनंतर जबलपूर, आणि जबलपूरनंतर नागपूर, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात त्यांनी अध्ययन केले. आमच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन जी मुले आज उच्च शिक्षणासाठी नागपूरची वाट धरतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी सागरचा एक निर्धन मुलगा त्याच नगरीत याच हेतूने आला होता. पुढे १८८९ साली ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या डाउनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांत प्रावीण्य मिळविले, आणि १८९२ साली बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी मध्यप्रांतात वकिली केली. रायपूर व नागपूर येथे त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. पण केवळ खटले जिंकून द्रव्य मिळविण्यात संतोष मानणारा हा पुरुष नव्हता. दिवसा न्यायालयात वादविवाद आणि रात्री ग्रंथलेखन असा त्यांचा क्रम असे. मालमत्तेच्या हस्तांतरणाच्या कायद्यावर, तसेच भारतीय दंडविधानावर त्यांनी विस्तृत भाष्ये लिहिली. हे ग्रंथ देशातील वकिलांच्या नित्य हाताशी राहिले. १९१९ साली त्यांचा हिंदू कायद्यावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदू कायद्यातील विखुरलेली वचने, टीका, रूढी आणि न्यायालयांचे निर्णय एकत्र करून त्यांची कलमवार मांडणी करण्याचा हा प्रचंड उद्योग होता. आमच्या मते त्यांच्या पुढील सामाजिक कार्याचे बीज याच उद्योगात आहे. जो मनुष्य एखाद्या जुन्या वाड्याची प्रत्येक खोली मोजून पाहतो, त्यालाच कोठे हवा खेळत नाही आणि कोठे दार बसवावयास हवे, हे कळते.

हा वाडा त्या काळी कसा होता, ते आता पाहू. आज एखाद्या हिंदू तरुणाने अन्य जातीच्या मुलीशी विवाह केला तर नातलग रुसतील, पण कायदा त्या विवाहास खोटा म्हणणार नाही. तेव्हा तसे नव्हते. इंग्रजांची न्यायालये विवाहाच्या बाबतीत ज्याच्या त्याच्या धर्मशास्त्रानुसार निर्णय देत. वरचा वर्ण पुरुषाचा असेल तर तो अनुलोम विवाह आणि स्त्रीचा असेल तर प्रतिलोम, असा भेद शास्त्रात होता, आणि तोच न्यायालयात निर्णायक ठरे. १९१२ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांचा विवाह अवैध ठरविला. दहा वर्षांनी, १९२२ साली, त्याच न्यायालयाने वैश्य पुरुष व शूद्र स्त्री यांचा विवाह मात्र वैध मानला. म्हणजे दोघांनी अग्निसाक्ष लग्न केले, संसार थाटला, मुले झाली, तरी ते पतिपत्नी होते की नव्हते हे पुढे केव्हातरी मालमत्तेचा वाद न्यायालयात गेल्यावर कळावयाचे! विवाह अवैध ठरला की पत्नीचे पत्नीपण जाई आणि औरस संततीचे हक्क मुलांना नाकारले जात. ज्या बालकांनी कोणाचाही अपराध केला नव्हता, त्यांच्या माथी हा डाग बसे.

यातून सुटण्याचा एक मार्ग होता, पण तो काटेरी होता. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या खटपटीमुळे १८७२ साली नोंदणी विवाहाचा एक कायदा झाला होता. त्यान्वये वधूवरांनी विवाह-निबंधकासमोर जाऊन विवाह करावा, एकपत्नीत्वाचे बंधन पाळावे, वर अठरा वर्षांचा आणि वधू चौदा वर्षांची पूर्ण असावी, अशा अटी होत्या. त्या अटी स्तुत्यच होत्या. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक विचित्र अट होती. आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, पारशी, बौद्ध, शीख वा जैनही नाही, असे प्रतिज्ञापूर्वक सांगितल्यावाचून या कायद्याने विवाह करता येत नसे. घरी तुळशीला पाणी घालणाऱ्या, पांडुरंगाचे नाव घेणाऱ्या मुलीने निबंधकापुढे उभे राहून आपण हिंदू नाही असे म्हणावे, तरच तिचे लग्न खरे! असत्य बोलणाऱ्यास विवाह मिळे आणि सत्य बोलणाऱ्यास मिळत नसे. जो कायदा संसाराच्या पहिल्याच पावलावर माणसास खोटे बोलावयास लावतो, तो कायदा सदोष आहे हे समजावयास फार विद्वत्तेची गरज नाही.

ही अट काढून टाकण्याचा प्रयत्न गौर यांच्यापूर्वीही झाला होता. १९११ साली बंगालचे भूपेंद्रनाथ बसू यांनी विधेयक आणले, पण ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांनी हिंदूंमधील आंतरजातीय विवाह वैध ठरविण्याचे विधेयक मांडले. त्यावर देशभर, आणि महाराष्ट्रात तर विशेषच, वादळ उठले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी त्या विधेयकास मनःपूर्वक पाठिंबा दिला; इतकेच नव्हे, तर १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा स्वतःच करून दाखविला. पटेलांचे विधेयक मात्र कायद्याच्या रूपास पोहोचले नाही.

अशा वेळी, १९२१ साली, नव्या मध्यवर्ती कायदेमंडळात डॉ. गौर यांनी प्रवेश केला. त्यापूर्वी ते राष्ट्रसभेत होते. परंतु असहकाराचा मार्ग त्यांना पटला नाही व ते त्या चळवळीपासून दूर राहिले. यामुळे अनेक देशभक्त त्यांच्यावर नाराज झाले. १९२५ साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली, तेव्हा ती नाराजी वाढली असल्यास नवल नाही. लोक तुरुंगात जात असता हे सभागृहात बसले, हा आक्षेप आम्ही लपवू इच्छीत नाही. पण त्या सभागृहात बसून त्यांनी काय केले, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. हिंदुस्थानासाठी सर्वोच्च न्यायालय असावे ही सूचना त्यांनी १९२१ सालीच तेथे मांडली. स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून वकिली नाकारली जात असे. तो अडसर दूर करण्यासाठी ते झगडले, आणि १९२३ साली स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा झाला. नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यासारख्या विदुषीस ज्या दारापाशी वर्षानुवर्षे थांबावे लागले, ते दार त्या कायद्याने देशभर उघडले.

विवाहाच्या प्रश्नाकडे ते याच दृष्टीने वळले. १८७२ च्या कायद्यातील धर्मत्यागाची अट काढून टाकावी, आणि कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या वधूवरांना आपापला धर्म राखून नोंदणी विवाह करता यावा, असे त्यांचे विधेयक होते. मार्ग बिकट होता. धर्मरूढीला स्पर्श करणारे विधेयक मांडण्यास गव्हर्नर-जनरलची पूर्वसंमती लागे, आणि धर्माच्या बाबतीत हात घालावयास परके सरकार नेहमीच कचरत असे. सभागृहात सनातनी मत प्रबळ होते. जात बुडेल, धर्म बुडेल, एकत्र कुटुंबाची मालमत्ता परक्या हाती जाईल, असे आक्षेप घेतले गेले. सर्वधर्मीयांस लागू होणारे विधेयक संमत होणे अशक्य आहे, हे लवकरच स्पष्ट झाले.

येथे गौर यांच्यापुढे एक कठीण निवड उभी राहिली. संपूर्ण विधेयकाचा आग्रह धरावा आणि बसू व पटेल यांच्याप्रमाणे रिक्त हस्ताने परतावे, की जे मिळते ते पदरात पाडून घ्यावे? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९२३ साली जो दुरुस्ती कायदा झाला, त्याने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन या चौघांपुरतीच वाट मोकळी केली. यांपैकी कोणाही दोघांना, जात कोणतीही असो, धर्म न सोडता विवाह करण्याची मुभा मिळाली. हिंदू व मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती, अशा वधूवरांस जुनीच अट कायम राहिली.

ज्यांना मुभा मिळाली त्यांच्याकडूनही किंमत वसूल करण्यात आली. या कायद्याने विवाह करणारा हिंदू आपल्या एकत्र कुटुंबापासून विभक्त झाला असे मानले जाई. त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे. उलट त्याचा पिता, जणू काय तो पुत्र जिवंतच नाही असे समजून, दुसरा दत्तक घेऊ शकत असे! त्याच्या संपत्तीचा वारसा हिंदू कायद्याऐवजी भारतीय वारसा कायद्याने ठरे. कायद्याने एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने, बाहेर पडणाऱ्याच्या पाठीमागे ते लावूनही घेतले.

ही तडजोड योग्य होती काय? आम्ही या प्रश्नावर आपसात पुष्कळ चर्चा केली, आणि आमच्यात मतभेद झाले हे प्रांजळपणे सांगतो. काहींच्या मते अपुऱ्या न्यायाने पुऱ्या न्यायाची निकड कमी होते. परंतु बहुतेकांचा कल असा पडला की, ज्या वधूवरांना १९२३ साली लग्न करावयाचे होते, त्यांना १९५४ पर्यंत थांबा असे सांगणे सोपे नव्हते. खोटे न बोलता संसार उभा करण्याची संधी गौर यांच्या या अपुऱ्या कायद्याने शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसांना दिली. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा आंतरजातीय विवाह दिल्लीत नोंदणी पद्धतीने झाला, तेव्हा अशा विवाहांस पंचवीस वर्षांपूर्वीच वाट करून ठेवलेली होती, याचे स्मरण ठेवावयास हवे.

आता क्षणभर दृष्टी देशाबाहेर वळवू. कारण विवाहाला भिंत घालण्याचा रोग केवळ आमच्याच देशात होता असे नाही. अमेरिकेत गोरा व काळा यांचा विवाह अनेक राज्यांत गुन्हाच होता. गौर यांच्या कायद्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १९२४ साली, व्हर्जिनिया राज्याने वंशशुद्धीच्या नावाखाली हे बंधन अधिक कडक केले. १९५८ साली रिचर्ड लव्हिंग हा गोरा तरुण आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय व आदिवासी वंशाची तरुणी यांनी वॉशिंग्टन येथे जाऊन विवाह केला. घरी परतल्यावर रात्री शिपायांनी त्यांस अटक केली. एक वर्षाची शिक्षा झाली, आणि पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल न ठेवण्याच्या अटीवर ती तहकूब करण्यात आली. त्यांनी राज्यघटनेचा आधार घेऊन दाद मागितली. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे सर्व कायदे घटनाविरोधी ठरविले. त्या वेळीही सोळा राज्यांत ते अस्तित्वात होते. दक्षिण आफ्रिकेने तर १९४९ साली गोऱ्यांचा इतरांशी विवाह बंद करणारा नवाच कायदा केला आणि तो १९८५ पर्यंत चालविला. आमच्याकडे जातीबाहेर लग्न करणाऱ्यास सरकार तुरुंगात टाकीत नव्हते. ते केवळ त्याच्या लग्नाला लग्न म्हणत नव्हते. शिक्षेचे स्वरूप निराळे असले तरी मूळ विचार एकच होता, की माणसाच्या जन्मावरून त्याच्या सहचराची निवड इतरांनी करावी.

डॉ. गौर यांचे उर्वरित आयुष्य विद्येच्या सेवेत गेले. १९२२ साली स्थापन झालेल्या दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी दोनदा भूषविले, आणि नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणूनही काम पाहिले. बुद्धाच्या विचारांचे त्यांना विशेष आकर्षण होते. त्या विषयावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. अखेरीस, ज्या सागर नगरीत शिक्षणासाठी त्यांना पुढे वाट सापडली नव्हती, तेथेच विद्यापीठ काढावयाचे त्यांनी ठरविले. १८ जुलै १९४६ रोजी ते स्थापन झाले. त्यासाठी गौर यांनी आपल्या कमाईतील २० लाख रुपये दिले, आणि पुढे मृत्युपत्राने आपल्या संपत्तीचा मोठा भागही त्याच कार्यास अर्पण केला. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या मकरोनिया येथील बराकींत ते विद्यापीठ सुरू झाले. जेथे सैनिक राहत होते तेथे विद्यार्थी राहू लागले. गौर स्वतः त्याचे पहिले कुलगुरू होते. पुढे १९८३ साली त्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आणि २००९ साली ते केंद्रीय विद्यापीठ झाले.

ते संविधानसभेचेही सभासद होते. योगायोग असा की २६ नोव्हेंबर १९४९ रोजी भारताचे संविधान स्वीकारण्यात आले, तो दिवस त्यांच्या वयाला एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्याचा दिवस होता. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. हिंदू, शीख व जैन यांच्यातील विवाह केवळ जात भिन्न आहे म्हणून अवैध ठरणार नाही, असा कायदा भारताच्या सभागृहाने केला. अनुलोम आणि प्रतिलोम हा भेद न्यायालयातून कायमचा गेला. दक्षिण आफ्रिकेने ज्या वर्षी भिंत बांधली त्याच वर्षी भारताने आपली भिंत पाडली. हे पाहून, २५ डिसेंबर १९४९ रोजी, प्रजासत्ताकाचा उदय होण्यास केवळ एक महिना उरला असता, डॉ. गौर यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या मूळ विधेयकातील स्वप्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने साकार झाले. कोणत्याही धर्माच्या दोन व्यक्तींना आपापला धर्म न सोडता विवाह करता येईल, असे त्या कायद्याने सांगितले. १९२३ साली जे अर्ध्यावर राहिले होते ते एकतीस वर्षांनी पूर्ण झाले. तथापि सारेच संपले असे नाही. अन्य धर्मीयाशी या कायद्याने विवाह केल्यास हिंदू आपल्या एकत्र कुटुंबापासून विभक्त समजला जातो, हे कलम आजही आहे; आणि विवाहापूर्वी तीस दिवसांची जाहीर सूचनाही आहे, जी वाचून विरोधकांना धावून येता येते. २००६ साली लता सिंह या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयास पुन्हा बजावावे लागले, की सज्ञान व्यक्तीने जातीबाहेर विवाह केला तर तो गुन्हा नव्हे, आणि अशा वधूवरांना त्रास देणारेच दंडास पात्र आहेत. कायदा बदलून अर्धशतक लोटले तरी हे सांगावे लागते, याचा अर्थ उघड आहे. दगड अजून काही हातांत आहेत.

आमची रामाकोन्याची आणि सौसरची भूमी १९५६ पर्यंत त्या जुन्या प्रांतात होती, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्याच्या वतीने गौर बोलत होते. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि आम्ही छिंदवाड्याऐवजी त्या जिल्ह्याचे नागरिक झालो. सीमा बदलल्या, माणसे तीच राहिली. आमच्या वर्गात मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, गोंडी बोलणाऱ्या घरांतून आलेली मुले एका बाकावर बसतात, एकमेकांचा डबा वाटून खातात, आणि त्यांत कोणास काही वावगे वाटत नाही. हीच मुले मोठी झाल्यावर मात्र समाज त्यांच्यामध्ये नदी आणून ठेवतो.

डॉ. गौर यांच्या चरित्रातून आम्ही एक साधी गोष्ट शिकलो. त्यांनी कोणाच्या धर्माची निंदा केली नाही, की कोणाला जातीबाहेर लग्न कर असा उपदेश केला नाही. ज्याला ते करावयाचे आहे त्याला खोटे बोलावे लागू नये, आणि त्याच्या मुलांवर कलंक येऊ नये, एवढेच त्यांनी मागितले. मागणे इतके लहान, आणि ते मान्य व्हावयास इतकी वर्षे लागली!

पुढच्या पोळ्यानंतर जांबेच्या तीरावर आम्ही पुन्हा उभे राहू तेव्हा आख्यायिकेतील ती दोघे आम्हांस आठवतील. त्यांना पैलतीरी पोहोचता आले नाही, कारण दोन्ही काठांवर दगड मारणारेच होते. वाट देणारा एकही नव्हता. कायद्याने आता वाट दिलेली आहे. काठावर उभे राहणाऱ्यांनी हातातला दगड खाली ठेवावयाचा की नाही, हे आपणा सर्वांकडे आहे.